कासचा गालिचा, आपलं अंगण

साताऱ्याहून पंचविसेक किलोमीटर घाटरस्त्यानं वर गेलं, की कासचं पठार लागतं. भाद्रपदात गेलात, तर गुलाबी तेरडा, निळी सीतेची आसवं, पांढरे गेंद यांचा गालिचाच पाहून घ्या! २०१२ साली जागतिक वारशात गेलेलं हे पठार. मनात येतंच, एखादं रोप घरी न्यावं. पण नका हो नेऊ, मैत्रिणींनो! कातळावरच्या ओल्या, पातळ मातीत वाढणारी ही रोपं बागेत तग धरत नाहीत. शिवाय यांतली बरीचशी एकाच पावसाळ्याची. बी तिथं पडलं, तरच पुढच्या वर्षी फुलं!

अंगणासाठी बहुवर्षायू झाडंच बरी. उन्हात सदाफुली आणि जमिनीसरशी पसरणारी जांभळी घाणेरी लावा. कडेनं पावसाळी लिलीचे कंद चार-चार इंचांवर पुरा. पहिलं वर्ष पाणी आणि निंदणी सांभाळा. जमीन एकदा झाकली, की तणाला जागाच उरत नाही. मग वर्षाकाठी एक छाटणी पुरते. मात्र ही तिन्ही पोटात जाणं वाईट, तेव्हा लहान मुलांकडे लक्ष असू द्या.

कासचा गालिचा डोळ्यांत साठवून आणा. रोपं मात्र नर्सरीतूनच आणा!