बरगड्या दिसणारच

आमच्या सोसायटीत माझं आडनाव निम्म्या लोकांना ठाऊक नाही, पण ‘कुत्र्याला उपाशी मारणाऱ्या काकू’ म्हटलं की वॉचमन लगेच फ्लॅट नंबर सांगतो. तक्रार केव्हाच मिटली, तरी तो दिवस आठवला की माझं डोकं आजही तापतं.

माझा कुत्रा सर्जा कारवान जातीचा आहे. जत तालुक्यातल्या मामेभावाच्या वस्तीवर जन्मला आणि पिल्लू असतानाच पुण्याला आला. निघताना भाऊ म्हणाला होता, “आक्का, भाकरी-दूध घाल, रोज मोकळं पळीव. आन् अंगावर चरबी चढू देऊ नगंस.” मी ते तंतोतंत पाळलं. कारवान वाढतो तसा लांबच होत जातो. खोल छाती, पाठीला लागलेलं पोट, वर आलेली कमरेची हाडं आणि कातडीखाली दिसणाऱ्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या, ही त्याची उत्तम तब्येत. बरगड्या झाकल्या गेल्या की आमचे डॉक्टर खाणं कमी करायला सांगतात.

पण हे शहरात पटवायचं कुणाला? इथे कुत्रं म्हणजे लॅब्रॅडोर, आणि तोही असा की दोन जिने चढला की धापा टाकायला लागतो. त्याला सगळे ‘किती गोड’ म्हणतात. जास्त खाऊ घालून कुत्र्याचे सांधे बिघडवले तर तो लाड, आणि माझा चपळ, निरोगी सर्जा म्हणजे छळ.

एका दुपारी दारात दोन मुली आणि एक हवालदार उभे. मुली कुठल्याशा संस्थेच्या स्वयंसेविका होत्या. एकीच्या मोबाइलमध्ये सर्जाचे फोटो होते, आमच्याच लिफ्टमध्ये काढलेले, माझ्या नकळत. “मॅडम, शेवटचं खायला कधी दिलंत?” हा पहिला प्रश्न. नमस्कार नाही, नाव नाही. मी म्हटलं, सकाळी ज्वारीची भाकरी, दूध आणि दोन अंडी. “भाकरी?” तिने असं काही पाहिलं की जणू मी त्याला पुठ्ठा खायला घालत होते. मी लसीकरणाचं कार्ड दाखवलं, डॉक्टरांची फाइल काढली, दर महिन्याचं वजन दाखवलं. ती म्हणाली, वजन कमीच वाटतंय. कशाच्या मानाने कमी? तिच्या मोबाइलमधल्या तक्त्यात कारवान नव्हताच. तिने ग्रेट डेनच्या ओळीवर बोट ठेवलं होतं! मग कायदा आला. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960, कलम 11. पाळलेल्या जनावराला पुरेसं अन्न न देणं हा त्यात गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आकडा ऐकून मला हसू आलं, ते त्यांना आणखी संशयास्पद वाटलं.

एवढा वेळ हवालदार दाराशी गप्प उभे होते. सर्जा आतून आला, लांबूनच त्यांचा वास घेतला आणि मागे सरकला. “मॅडम, हे कारवान न्हवं?” त्यांनी विचारलं. ते मंगळवेढ्याकडचे निघाले. त्यांनी पोरींना सांगितलं, “अवो, ही जातच अशी असती.” हे लगेच पटलं. मी सगळी फाइल उघडून बसले होते, ते पुरावे नव्हते. खाकी वर्दीचं एक वाक्य पुरलं. जाताना मुलींनी सॉरी म्हटलं नाही. उलट एकीने बॅगेतून बिस्किटं काढून त्याच्यापुढे टाकली. त्याने ती हुंगलीही नाही. अनोळखी हातचं तो खात नाही. तेही माझ्याच खात्यावर मांडलं गेलं असणार, ‘कुत्रं भेदरलेलं आहे’ म्हणून.

राग येतो तो याचा की ही जात इथली आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ती जोपासली, इंग्लंडच्या पंचम जॉर्जला तिची कुत्री भेट दिली. तिथून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रुजलं. कागदोपत्री केनेल क्लबवाले तिला कॅरव्हान हाउंड म्हणतात. 2005 मध्ये टपाल खात्याने तिचं तिकीट काढलं, पुढे लष्कराने मेरठला पिल्लं नेऊन शिकवली. 2020 च्या ऑगस्टमध्ये ‘मन की बात’मध्ये उल्लेख झाला. आता पोस्टात तिकीट आणि पुण्यात पोलीस.

घरात कारवान कसा? मी सगळ्यांना सांगत आले आहे की याच्यासारखं घरंदाज कुत्रं नाही. सकाळी जीव तोडून पळतो आणि उरलेला दिवस खाटेखाली झोपतो. उगाच भुंकत नाही. लहान मुलं ओढाताण करायला लागली की उठून दुसऱ्या खोलीत जातो. चावणं सोडाच, गुरगुरतही नाही. पाहुण्यांना चाटत नाही, त्यामुळे पाहुणे हिरमुसतात. माझ्यापुरता हा गुणच.

मागच्या मोकळ्या प्लॉटला चारही बाजूंनी पत्रा आहे, तिथे मी त्याला सोडते. एकदा पत्र्याखालच्या फटीतून एक मांजर आत आलं. ते जागेवर बसलं असतं तर काही झालं नसतं. ते पळालं. हाक मारायला मी तोंड उघडेपर्यंत संपलं होतं सगळं. सर्जा शेपूट हलवत ते माझ्या पायाशी घेऊन आला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी त्या मांजराला रोज दूध घालायच्या. त्या भांडल्या नाहीत, पण तेव्हापासून लिफ्टमध्ये मी असले की त्या जिन्याने जातात. गुडघे दुखत असताना.

शेकडो वर्षं सशामागे धावण्यासाठी निवडत आणलेलं जनावर पळत्या गोष्टीमागे धावणारच. ससे मारणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, त्याच्या रक्ताला ते कळवणार कोण? म्हणून पिल्लू मागणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो, घरात मांजर आहे का? दुसरा, रोज पळवायला बंदिस्त जागा आहे का? पट्टा सुटला की हा दिसेनासा होतो आणि हाक मारली तरी परत येत नाही. आणखी एक. नसबंदीच्या आधी डॉक्टरांना जात आवर्जून सांगा. भुलीची काही जुनी औषधं या कुळातल्या कुत्र्यांच्या शरीरातून फार हळू उतरतात.

मागच्या दिवाळीत भाच्याने पिल्लू मागितलं. हिंजवडीत दहावा मजला, दोघंही नोकरीला, मुलगी चार वर्षांची. मी नाही म्हटलं. तो चिडला, “मावशी, याच्यासारखं कुत्रं नाही असं तूच सांगत असतेस ना?”

“नाहीच,” म्हटलं, “पण तुला नको.”

“मग काय घेऊ?” रस्त्यावरचं एखादं गरीब पिल्लू घे, असं मी सुचवलं. ते त्याला कमीपणाचं वाटलं. परवा कळलं, त्याने बीगल आणलं. दिवसभर बंद घरात बीगल कसं ओरडतं, ते त्याला शेजारी सांगतीलच.