मामाच्या होडीचा भोंगा

आमच्या घरात बोट आहे असं सांगितलं की ऑफिसातल्या लोकांच्या डोळ्यांपुढे चकचकीत पांढरी याट येते. प्रत्यक्षात ती माझ्या मामाची चोवीस फुटी फायबरची होडी आहे. जैतापूरच्या खाडीत, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर नांगरलेली असते. तिला मासळीचा वास येतो आणि तिच्यावर मामाचं घर चालतं. २०२२ मध्ये या होडीला चोरांसाठी भोंगा बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण "तू इंजिनियर ना रे!" (मी सॉफ्टवेअरवाला. पण गावी मिक्सर बिघडला तरी मलाच हाक मारतात. असो.)

त्याआधीच्या वर्षी, दिवाळीच्या अवसेला होडीचं इंजिन चोरीला गेलं होतं. घरात लक्ष्मीपूजन आणि खाडीतून लक्ष्मी गेली, असं मामी अजून म्हणते. हे बाहेरून लावायचं इंजिन मागच्या फळीला दोन स्क्रूंनी आवळलेलं असतं. किंमत लाखाच्या वर, आणि काढायला दहा मिनिटं पुरे. अवसेला मिट्ट काळोख आणि मध्यरात्रीच्या सुमारास भरती. गावातली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चोरानेही काढली असणार. तो पाण्यातून आला, पाण्यातून गेला. किनाऱ्यावरचं कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

इंजिन गेलं ते गेलंच. पण त्याहून वाईट गोष्ट पुढे झाली. होडीवर मामाबरोबर एक पोरगा यायचा, खाडीच्या अगदी काठावर राहणारा. इंजिनाचं कुलूप तोडलेलं नव्हतं, म्हणजे चावीवाल्याचाच हात, असं कुणीतरी बोललं. मामा काहीच बोलला नाही. फक्त चावी स्वतःच्या कनवटीला लावायला लागला. पोरगा समजला. दुसऱ्या दिवसापासून यायचा बंद झाला.

तर मी कामाला लागलो. नवं इंजिन कर्जावर आलं होतं, त्यामुळे मामाचं बजेट होतं सात हजार रुपये. आधी गूगलवर शोधलं तर परदेशातल्या याटींचे अलार्म दिसले. त्यांच्या किमतीत दुसरी होडी आली असती! मग मी घरांसाठी मिळणारा, सिमकार्डावर चालणारा साधा अलार्म साडेतीन हजारांत आणला. कुणी आलं की भोंगा वाजणार आणि ठरवलेल्या नंबरांवर फोन जाणार.

पहिली चूक सेन्सरची. घरात हालचाल ओळखणारा सेन्सर लावतात, तसाच मी होडीत लावला. तो खरं तर हालचाल बघत नाही, उष्णतेतला फरक बघतो. खाडीत होडी सतत डुलते, तिच्याबरोबर सेन्सरही डुलतो, समोरचं सगळं हलतं. पहिल्या रात्री भोंगा तीनदा वाजला. त्यातल्या एका वेळी तर मामाने टॉर्च मारला तेव्हा जाळ्यावर बगळा बसलेला. मग धक्का ओळखणारा सेन्सर लावून पाहिला. एक ट्रॉलर लांबून गेला, त्याच्या लाटेने परत बोंब. चौथ्या दिवशी शेजारी येऊन म्हणाले, "एक तर तो भोंगा काढा, नाहीतर आम्हाला चोर आवडला." लांडगा आला रे आला, दुसरं काय!

शेवटी उपयोगी पडली ती सगळ्यात स्वस्त गोष्ट, साधी वायर. इंजिनाच्या कड्यातून आणि जाळ्याच्या दोरातून वायरचा एक फेरा घ्यायचा आणि दोन्ही टोकं पेटीत जोडायची. वायर जोडलेली असेपर्यंत पेटी गप्प. कापली की बोंबलते. लाटेशी तिला देणंघेणं नाही. नांगराच्या दोराजवळ एक चुंबकाचा स्विच बसवला, दरवाजांना लावतात तो. दोर सुटला की चुंबक निसटतं आणि भोंगा वाजतो. होडीच पळवली तर कळावं म्हणून.

दुसरा धडा बॅटरीचा. १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तासांची बॅटरी आणली. पेटी ५० मिलिॲम्पिअर खाते, म्हणजे कागदावर १४० तास. पण असली बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे खरे तीनच दिवस. म्हणून दहा वॅटचं छोटं सोलर पॅनल लावलं. खाऱ्या हवेत सांधे हिरवे पडतात, त्यांना व्हॅसलीन फासलं. आमची पेटी २जीवर चालणारी, त्यामुळे जिओचं सिम चाललं नाही, त्या कंपनीचं २जी नेटवर्कच नाही. कोणत्या सिमला रेंज येते ते होडीत बसून बघावं लागतं, घराच्या ओट्यावरून नाही. आणि रिचार्ज संपला की फोन जात नाही, हे मी मामीच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलं. सगळं मिळून सहा हजार आठशे. मी खूश!

मग पेटीत तीन नंबर घालायची वेळ आली. पहिला मामाचा. दुसरा माझा. नंबर घालतानाच मनात आलं, ठाण्यात मध्यरात्री मला फोन आला तर मी काय करणार? आणि मामाचं घर वरच्या वाडीत, उतरून यायला पंधरा मिनिटं. फोन उचलणारा माणूस पाण्याजवळ हवा. पाण्याजवळ कोण राहतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मामा बराच वेळ खाडीकडे बघत बसला. मग म्हणाला, "त्या रात्री कुलूप मीच लावलं नव्हतं बहुतेक." एवढंच. मी मान वर केली नाही, स्क्रू पिळत राहिलो. संध्याकाळी तो एकटाच उतरून त्या पोराच्या घरी गेला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. येताना तिसरा नंबर एका कागदावर लिहून आणला होता.

गेल्या वर्षी कोजागरीच्या रात्री पावणेदोनला माझा फोन वाजला. मी घाबरून मामाला फोन लावला, तर एंगेज. चोर नव्हता. उधाणाच्या भरतीत दोर घासून तुटला होता आणि ओहोटीबरोबर होडी खाडीच्या तोंडाकडे निघाली होती. मामा खाली पोचेपर्यंत पोरगा पोहत जाऊन होडीवर चढला होता. पण इंजिनाच्या कुलपाची चावी मामाच्या कनवटीला! त्याने वल्ह्याने होडी कशीबशी काठाला आणली.

आता ती चावी पोराच्या दारामागे खिळ्याला असते. मामीने सांगितलं. मामा असल्या गोष्टी फोनवर सांगत नाही.

ता.क. - कुणाला होडीला अलार्म बसवायचा असेल तर जरूर विचारा. पण तिसरा नंबर आधी शोधून ठेवा.