अलेप्पीच्या पाण्यावर दिवेलागण

संध्याकाळचे साडेपाच वाजत आले, की अलेप्पीच्या बॅकवॉटरमधल्या हाऊसबोटी एकेक करून काठाला लागू लागतात. माडाच्या बुंध्याला दोर बांधला जातो, इंजीन बंद होतं आणि महाराष्ट्रातून मोठ्या हौसेनं आलेल्या कुटुंबाचा हमखास हिरमोड होतो. 'रात्रीचे पैसे घेतले आणि बोट बांधून ठेवली!' ही तक्रार इथल्या खलाशांना आता पाठ झाली आहे. चांदण्यात तरंगत जाणारी बोट मनात धरून आलेल्यांना काठावरची रात्र फसवणुकीसारखी वाटते.

पण यात फसवणूक नाही. दिवसा हे पाणी पर्यटकांचं, रात्री ते कोळ्यांचं. अंधार पडला की लहान होड्या बाहेर पडतात, जाळी पसरली जातात. हाऊसबोटीचा पंखा त्यात अडकला तर जाळं फाटतं आणि एखाद्या घराची आठवडाभराची कमाई बुडते. म्हणूनच इथे संध्याकाळी हाऊसबोटी थांबवायची पद्धत आहे. मुंबईच्या मानानं इथला संधिप्रकाशही तोकडा. सूर्य बुडाला म्हणेपर्यंत काळोख होतो.

ज्या बोटीत पाहुणे राहतात ती मुळात भातवाहू. तिचं नाव 'केट्टुवळ्ळम', म्हणजे बांधलेली होडी. फणसाच्याच जातीतल्या ऐनी लाकडाच्या फळ्या काथ्यानं शिवून ती तयार होते. जुन्या बांधणीत खिळा नाही. कुट्टनाडच्या समुद्रसपाटीखालच्या शेतांतून भात भरून ती कोचीला जात असे. रस्ते आले, ट्रक आले आणि हे काम संपलं. 1990च्या दशकात तिच्यावर बांबूचं आणि चटयांचं छप्पर चढलं, आत पलंग, न्हाणीघर, पुढे वातानुकूलन आलं. भाताची होडी रातोरात लॉज झाली म्हणा ना!

आता दिवेलागणीची वेळ बघा. जनरेटर घरघरतो आणि ओळीनं उभ्या बोटी उजळतात. कुणाच्या छपराच्या कडेनं निळ्या दिव्यांची माळ, कुणाच्या कठड्याला रंग बदलणारी पट्टी, तर कुणी वरच्या मजल्यावर थेट लग्नाच्या मांडवातला हॅलोजन टांगलेला. पर्यटकाला वाटतं, एवढा उजेड आहे म्हणजे काळजी नाही. वरवर पाहता पटण्यासारखंच आहे. पण पाण्यावर उजेडाचा हिशेब वेगळा असतो.

बोटीवरच्या दिव्यांची कामं दोन. एक, आपण दुसऱ्याला दिसावं. दुसरं, आपल्याला पायाखालचं दिसावं. दिसण्यासाठीच्या दिव्यांची भाषा जगभर एक आहे. 1972 साली ठरलेले आणि 1977 पासून लागू झालेले आंतरराष्ट्रीय नियम सांगतात, की चालत्या यांत्रिक बोटीच्या डाव्या बाजूला लाल दिवा हवा, उजव्या बाजूला हिरवा आणि मागे पांढरा. शिवाय डोलकाठीवर पुढून दिसणारा एक पांढरा. लाल आणि हिरवा दिवा नाकासमोरून सुरू होऊन बाजूच्या थोडं मागेपर्यंत, प्रत्येकी साडेबारा अंश वर शंभर एवढ्याच पट्ट्यात दिसतो. त्यामुळे अंधारात नुसते रंग पाहून समोरच्याची दिशा कळते. फक्त लाल दिसला तर तिची डावी बाजू आपल्याकडे आहे. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर ती सरळ आपल्यावरच येते आहे. मुलांना हा खेळ शिकवून ठेवावा. किनाऱ्यावर बसून तासभर सहज जातो. नांगरलेल्या लहान बोटीनं मात्र चारी बाजूंनी दिसेल असा एकच पांढरा दिवा दाखवायचा असतो.

आणि याच नियमांत एक कलम आहे, जे सजावट करणाऱ्यांनी मुद्दाम वाचावं. ठरलेल्या दिव्यांशी घोटाळा होईल, ते झाकोळतील किंवा नीट पाहण्यात अडथळा येईल, असा कोणताही जादा दिवा लावायचा नाही! सूर्यास्तानंतर चालणाऱ्या बोटीवरची लाल-हिरवी लुकलुकती माळ म्हणजे रस्त्यावर कुणीतरी हौसेनं टांगलेला खोटा सिग्नल.

दुसरा घोटाळा डोळ्यांचा. उजेडातून अंधारात गेल्यावर नजर पुरती सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, आणि एका झगझगीत दिव्यानं ती सगळी कमाई क्षणात जाते. सुकाणू धरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुढच्या डेकवर हॅलोजन असेल, तर त्याला डेक दिसतो, पलीकडचं पाणी दिसत नाही. घरात दिवा लावून काचेच्या खिडकीतून रात्री बाहेर बघावं, आपलाच चेहरा दिसतो, तसंच हे. पलीकडच्या पाण्यात कोण असतं? वल्ह्यानं चालवलेली, पाण्याच्या जेमतेम वर असलेली होडी, आणि तीत बॅटरी हाताशी ठेवून बसलेला एक माणूस. वल्ह्याच्या होडीला नियमानं तेवढंच बंधन आहे, की टक्कर टळेल इतक्या वेळेत उजेड दाखवावा. त्यानं दाखवलेला तो टीचभर उजेड हॅलोजनच्या भपक्यात हरवतो. काठाला बांधलेल्या बोटीवरचा झोत पाण्याकडे वळलेला असला, तरी त्याच्या डोळ्यांपुढे तीच अंधारी येते.

खरं तर उजेडाचा वापर या लोकांइतका कुणाला कळतो? इथल्या काठावरच्या चिनी जाळ्यांवर रात्री दिवा टांगतात आणि त्याच्या ओढीनं मासळी येते. दिवा कशासाठी, किती आणि कुठे, हे तिथे पोटाशी बांधलेलं आहे.

मग हाऊसबोटीवर जादा दिवा लावायचाच नाही का? लावायचा, आणि भरपूर ठिकाणी लावायचा, फक्त खाली. बोट आणि काठ यांच्यामध्ये टाकलेली फळी ही रात्रीची सगळ्यांत धोक्याची जागा. जेवण झाल्यावर आजोबा शतपावलीला निघतात, एखादं पोर शेजारच्या बोटीतल्या मित्राकडे धावतं. फळी दवानं ओली आणि दोन्हीकडे काळं पाणी. या फळीला, जिन्याच्या प्रत्येक पायरीला आणि डेकच्या कडेला घोट्याच्या उंचीवर, खाली तोंड केलेले, आडोसा असलेले मंद दिवे हवेत. लाइफ जॅकेटं ठेवलेल्या जागेवर एक हवा. सुकाणूजवळ लागलाच तर मंद तांबडा, त्यानं नजर कमी बिघडते.

हे दिवे जनरेटरवर चालता कामा नयेत. जनरेटर बंद पडला, की नेमकी गरज असते त्या क्षणी सगळंच विझतं. बारा व्होल्टच्या बॅटरीवर, वेगळ्या फ्यूजवर एलईडी चालतात आणि रात्रभर जळूनही बॅटरी फारशी खात नाहीत. घरगुती विजेची माळ ओल्या कठड्यावरून, टेपनं जोड देऊन फिरवणं हा तर शुद्ध अविचार. शॉक बसतोच, शिवाय वर छप्पर बांबूचं, चटया सुक्या. जानेवारी 2020मध्ये पातिरामणल बेटाजवळ एक हाऊसबोट भर दिवसा पेटली. पाणी उथळ होतं म्हणून प्रवासी त्यात उतरून वाचले.

दिव्यांनी सगळं साधतं असंही नाही. 7 मे 2023च्या संध्याकाळी, याच केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या तानूरजवळ एक दुमजली सहलबोट उलटली. 22 जण गेले, त्यांत निम्म्याहून अधिक मुलं. बोट मूळची मासेमारीची, तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं, आणि सूर्यास्तानंतरची फेरी. अंधारात उलटलेल्या बोटीखाली कोण कुठे आहे हे शोधताना मदतीला धावलेल्यांचे हाल झाले. अशी फेरी रोषणाईनं सुरक्षित होत नाही; ती निघायलाच नको होती. संध्याकाळी साडेपाचला दोर बांधणारा खलाशी त्या दृष्टीनं पाहुण्यांचं भलंच करत असतो.

अलेप्पीला जाणाऱ्यांनी शक्य असेल तर एक दिवस आधी पोचावं आणि अंधार पडल्यावर पुन्नमडाच्या धक्क्यावर जाऊन बोट बघावी. दुपारी सगळ्याच बोटी सुरेख दिसतात. मालकाला जनरेटर बंद करायला सांगावं आणि मग फळीवरून चढून, जिना उतरून, लाइफ जॅकेटापर्यंत चालत जाऊन बघावं. बरोबर आजी असतील तर त्यांनाच पुढे करावं. त्या जिथे थबकतील तिथे दिवा कमी आहे. छपरावरच्या निळ्या माळा रात्री नऊनंतर बंद ठेवाल का, हेही विचारून घ्यावं. तशा त्या विझल्यावर पलीकडच्या काठावरच्या चिनी जाळ्याचा एकटा दिवा दिसू लागतो, आणि जाळं पाण्यातून वर येताना होणारा निथळण्याचा आवाजही ऐकू येतो.