बुडीत क्षेत्र

आमच्या रूमच्या भिंतीवर अमेरिकेतल्या ‘रूट ६६’चं पोस्टर आहे. शिकागो ते सान्ता मोनिका, १९२६ सालचा रस्ता! नोकरी लागली की जायचंच, असं दर सबमिशनच्या रात्री ठरतं. शेवटी फेब्रुवारीत रूममेट वैतागला, "अमेरिका राहू दे, आधी माझ्या गावाला चल."

बाईक त्याची, पेट्रोल माझं. बारामतीहून भिगवण, तिथून सोलापूर हायवेने पळसदेव. डावीकडे उजनीचं पाणी, त्यात गुलाबी फ्लेमिंगो. "ह्यांना रोहित म्हणतात, कॉन्व्हेंट!" मित्राने टोमणा मारलाच.

गावात पोचल्यावर मी पाण्याचे फोटो काढत सुटलो. त्याचे आजोबा शेजारी उभे होते. म्हटलं, "काय सुंदर व्ह्यू आहे ना, आजोबा!" त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं. "त्या तितं आमचं घर व्हतं, बाळा. समदं बुडितात गेलं."

१९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. पाणी फार उतरलं की पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं, तेव्हा आजोबा गाव बघून येतात.

‘सबमर्जन्स एरिया’ची व्याख्या मी पाच मार्कांना पाठ केली होती. तिच्यात कुणाचं घर नव्हतं.

धरण नको होतं, असं आजोबा एकदाही म्हणाले नाहीत. निघताना एवढंच म्हणाले, "इंजिनेर झालास की नकाशात गावाचं नाव लिव्हत जा."

येताना इंदापूर, निमगाव केतकी, सणसर असे पालखीच्या रस्त्याने आलो. दोघंही गप्प होतो. पोस्टर अजून भिंतीवर आहे, पण शेजारी आता इंदापूर तालुक्याचा नकाशा आहे. त्यावर निळ्या रंगात मी पेनाने लिहिलंय : जुनं पळसदेव.