रंग उतरलेला समुद्र

जॉन ह्यूस्टनच्या ‘मोबी डिक’मधला समुद्र निळा नाही. १९५६ म्हणजे रंगीत पडदा झगमगायचा काळ. पण ह्यूस्टन आणि छायालेखक ऑस्वाल्ड मॉरिस यांनी रंगीत चित्रावर काळंपांढरं चित्र चढवून रंग मुद्दाम उतरवले. देवमाशांच्या शिकारीची जुनी खोदचित्रं त्यांच्या डोळ्यांपुढे होती. त्यामुळे पडद्यावर उरतं ते ओलं लाकूड, मळकी शिडं, वाऱ्यानं रापलेले चेहरे आणि शिशासारखं आभाळ. अशा समुद्रात पांढरा देवमासा वर येतो तेव्हा पोटात गोळा येतो.

मूळ कादंबरीचा लेखक हर्मन मेल्व्हिल स्वतः १८४१ साली शिकारी जहाजावर खलाशी म्हणून गेला होता. दहा वर्षांनी आलेल्या त्याच्या कादंबरीत दोर, वंगण, चरबी, हाडं यांवर पानंच्या पानं आहेत. चित्रपटाला ती पेलणं शक्यच नव्हतं. पटकथाकार रे ब्रॅडबरी आणि ह्यूस्टन यांनी बरंच कापलं. त्यात फेदल्ला गेला, याची मला खरोखर हळहळ वाटते. मोबी डिक या पांढऱ्या देवमाशाच्या मागे लागलेल्या कॅप्टन एहाबच्या पाठीशी सावलीसारखा असणारा हा भाकीत सांगणारा माणूस पारशी आहे. मुंबईच्या वाचकाचे कान तिथे टवकारतातच, जरी आपल्या ओळखीच्या पारशांशी त्याचं काही साम्य नसलं तरी.

पण फेदल्लाचं मरण मात्र या दोघांनी जपून ठेवलं आणि एहाबला दिलं. कादंबरीत भाल्याचा दोर एहाबच्या गळ्याभोवती पडतो आणि क्षणात तो दिसेनासा होतो. चित्रपटात ग्रेगरी पेकचा एहाब देवमाशाच्या अंगावरच दोरांत जखडला जातो. मासा बुडतो, वर येतो, कलतो; मेलेल्या माणसाचा सुटा हात त्यासरशी हलतो, आणि होडीतल्यांना वाटतं, कप्तान बोलावतोय. मूळ कलाकृतीशी इमान राखणं म्हणजे काय, हे मला या हातानं शिकवलं.

कारण त्या हाताला ओ देतो तो स्टारबक. साऱ्या प्रवासात एहाबला विरोध करणारा, देवभीरू, घरी बायकोमुलं असलेला समंजस माणूस. मेल्व्हिलनं त्याला शेवटी जहाजावरच ठेवलंय. लिओ जेनचा स्टारबक मात्र होडीत उभा राहतो आणि माघार घेऊ पाहणाऱ्या खलाशांना स्वतःच मोबी डिकवर घालतो.