मिन्यो नदीच्या पैलतीरी

पोर्तुगाल हे नाव गोमंतकीय वाचकाला अपरिचित नाही. किंबहुना ते जरा अधिकच परिचित आहे. साडेचारशे वर्षांचा तो संबंध १९६१ साली संपला, तरी आमच्या घरांतील जनेले, मेजे आणि चाव्या त्याची साक्ष अजून देत असतात. परंतु त्या देशाला एक उत्तर सीमा आहे, त्या सीमेवर एक नदी आहे, आणि नदीपलीकडे जे लोक राहतात त्यांची भाषा पोर्तुगीज भाषेची सख्खी बहीण आहे, ही गोष्ट आम्हांला शाळेत कोणी सांगितली नव्हती. २०२५ च्या मे महिन्यातील सुट्टीत त्या नदीपलीकडच्या तुई नावाच्या लहानशा स्पॅनिश नगरात दोन रात्री राहण्याचा योग आला आणि ती गोष्ट पुस्तकाशिवायच उमजली.

योग आला तो आमच्या आतेभावामुळे. उत्तर पोर्तुगालमधील ब्रागा शहरात तो गेली काही वर्षे नोकरीस आहे. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळण्याची सोय तेथील कायद्यात आहे. आजोबांच्या जन्मदाखल्याच्या आधारावर त्याने ते घेतले. आपला कायदा दोन नागरिकत्वे मानीत नाही. त्यामुळे भारतीय पारपत्र त्याला परत करावे लागले. ज्या दिवशी हे घडले त्या दिवशी आत्या जेवली नाही, असे आई सांगते. गोव्यात आज अशी घरे थोडी नाहीत, आणि या विषयावर त्या घरांत फारसे बोलले जात नाही, हेही वाचकांस ठाऊक असेलच.

शुक्रवार, १६ मे रोजी आम्ही दोघे ब्रागाहून निघालो. निने येथे गाडी बदलावी लागते. पुढे व्हियाना दू काश्तेलू या गावापाशी लिमा नदीवर आयफेलच्या कारखान्याने १८७८ साली बांधलेला लोखंडी पूल लागतो, मग काही वेळ डाव्या हाताला अटलांटिक महासागर, आणि कामिन्या गेल्यावर समुद्राला सोडून गाडी एका रुंद, संथ, हिरव्या पाण्याच्या काठाने चालू लागते. हीच ती नदी. पोर्तुगीज तिला मिन्यु म्हणतात, पलीकडचे मिन्यो. लिहिताना एक बाजू न् आणि ह् ही दोन अक्षरे जोडते, दुसरी बाजू न् च्या डोक्यावर नागमोडी रेघ काढते. उच्चार जवळजवळ तोच. एवढ्या एका रेघेवरून तिकडे विद्वानांत किती वाद झाले, ते पुढे सांगतो.

व्हालेन्सा या शेवटच्या पोर्तुगीज स्थानकावर आम्ही उतरलो व पुलाकडे चालू लागलो. पूल १८८६ चा आहे. वरच्या मजल्यावरून रेल्वे, खालून मोटारी, आणि दोहो अंगांना पादचाऱ्यांसाठी अरुंद वाट. हाही आयफेलचाच म्हणून कोणी कोणी सांगतात, पण ते खरे नव्हे. त्याचा आराखडा पेलायो मान्सेबो या स्पॅनिश अभियंत्याचा. पाठीवर पिशवी व पिशवीला शिंपला बांधलेले यात्रेकरू आमच्या पुढेमागे चालत होते. सान्तियागोच्या यात्रेची पोर्तुगालकडील वाट याच पुलावरून जाते, आणि यात्रेचे प्रमाणपत्र मिळण्यास अखेरचे शंभर किलोमीटर पायी चालणे आवश्यक असल्याने बरेच लोक तुईपासूनच आरंभ करतात. आमच्याकडील वारकऱ्यांना प्रमाणपत्राची ही कल्पना ऐकून गंमत वाटेल.

पुलाच्या मध्यावर आतेभाऊ थांबला आणि म्हणाला, “घड्याळ एक वर फुडें कर.” स्पेनचे घड्याळ पोर्तुगालच्या एक तास पुढे चालते. सूर्य दोन्ही काठांवर अर्थातच एकाच वेळी उगवतो. परंतु १९४० साली फ्रँकोच्या राजवटीने स्पेनची घड्याळे मध्य युरोपाच्या वेळेला जुळवली, ती तशीच राहिली. त्यामुळे तुईत रात्रीचे साडेनऊ वाजले तरी मुले अंगणात चेंडू खेळत असतात.

पारपत्र विचारणारा कोणी भेटला नाही. निळ्या पाटीवर ताऱ्यांच्या वर्तुळात देशाचे नाव होते, एवढेच. हा मोकळेपणा २६ मार्च १९९५ पासूनचा, शेंगेन करार अमलात आल्याचा. त्याआधी नदीवर दोन्ही बाजूंचा पहारा असे. स्पेनमधील यादवी युद्धानंतरच्या टंचाईच्या वर्षांत पोर्तुगालची कॉफी रात्री होड्यांतून चोरून पलीकडे जाई. २०२० च्या साथीत मार्चच्या मध्यापासून जूनअखेर ही सीमा पुन्हा बंद झाली, आणि रोज या काठाहून त्या काठी कामावर जाणाऱ्यांना ठराविक वाटेनेच ये-जा करावी लागली. 

सीमा बंद होते म्हणजे काय होते, हे आमच्या आजीला विचारावे. तिचे माहेर सावंतवाडीचे, सासर पेडण्याचे, मध्ये पत्रादेवी. लग्नानंतर ती बैलगाडीने माहेरी जात असे. १९५५ साली सीमा जवळजवळ मिटली, आणि वडिलांच्या शेवटच्या आजारात तिला जाता आले नाही. बातमी पोचली तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. आज त्याच वाटेने कुटुंबेच्या कुटुंबे दुपारच्या जेवणाला बांद्याला जाऊन येतात. पुलावरून चालताना आजीची आठवण झाली ती यामुळे. एरवी युरोपातल्या नदीवर आजी आठवण्याचे कारण नव्हते.

तुईत ज्या घरी आम्ही उतरलो त्या घरच्या वृद्ध मालकीणबाईंनी दार उघडले, किल्ली आमच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “आ चाबे.” आम्ही चकित झालो. ‘चावी’ हा शब्द मराठीत व कोकणीत पोर्तुगीजांकडून आला, हे आम्ही वर्गात शिकवतो. परंतु आजच्या लिस्बनमध्ये तो ‘शाव’ असा उच्चारला जातो. तेथे ‘च’ चा ‘श’ होऊन गेला. आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीज उतरले तेव्हा ते ‘च’ म्हणत असत. तो सोळाव्या शतकातील ‘च’ मराठीने आपल्या चावीत जपला, आणि इकडे गालिसियाच्या या म्हातारीनेही जपला. स्पॅनिशमध्ये किल्लीला ‘यावे’ म्हणतात. म्हणजे बाईंनी आपल्या देशाच्या राजभाषेतील शब्द न वापरता घरातला वापरला होता. आमच्या कोकणीतील ‘जनेल’ सुद्धा तेथे ‘शानेला’ या रूपाने भेटले.

सगळेच शब्द असे सरळ भेटले असे नाही. पोर्तुगीज ‘बटाटा’ आपण जसाच्या तसा उचलला, पण नदी ओलांडताच त्याची ‘पताका’ होते. दुपारी जेवणाच्या यादीत उकडलेल्या पताका पाहून आम्ही दोघेही हसलो. पताकांवरून आठवले: २०१० साली व्हालेन्सातील रात्रीची तातडीची वैद्यकीय सेवा सरकारने बंद केली, तेव्हा पोर्तुगीज गावकऱ्यांनी निषेधार्थ आपल्या खिडक्यांत चक्क स्पेनचे झेंडे लावले होते. रात्री-अपरात्री दुखले-खुपले तर ते तुईला येत. आता दोन्ही गावांनी मिळून एक जोडनगर मानले आहे.

दुसरा दिवस १७ मेचा. गालिसियात त्या दिवशी सुट्टी असते, आणि ती कोणा राजाच्या वा संताच्या नावाने नसते, साहित्यासाठी असते. रोझालिया दे कास्त्रो या कवयित्रीचा गालिसियन भाषेतील पहिला काव्यसंग्रह १८६३ साली निघाला. तत्पूर्वी काही शतके ही भाषा शेतात, बाजारात व स्वयंपाकघरात नांदत होती, पण लिहिण्याची भाषा स्पॅनिश होती. त्या संग्रहाच्या शताब्दीला, १९६३ साली, तेथील अकादमीने हा दिवस सुरू केला. लक्षात घ्या, तेव्हा फ्रँकोची राजवट होती आणि शाळांत गालिसियन शिकवली जात नव्हती. आणि फ्रँको स्वतः गालिसियाचाच, फेर्रोल गावचा! १९८१ च्या स्वायत्ततेच्या कायद्याने ती स्पॅनिशच्या जोडीने राजभाषा झाली. दरवर्षी हा दिवस एखाद्या दिवंगत लेखकाला अर्पण होतो. २०२५ चा मात्र, लोकगीते गाणाऱ्या खेड्यांतील स्त्रियांना अर्पण झाला होता. ज्यांनी गाणी आईच्या तोंडून घेतली व पुढच्या पिढीला दिली.

सायंकाळी चौकात सात-आठ बायका हातांत खंजिरीसारखे वाद्य घेऊन गात होत्या. स्वर उंच, किंचित कर्कश. ताल मात्र पक्का. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. पौष महिन्यात मांडावर धालो घालणाऱ्या आमच्या गावच्या बायका डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. मालकीणबाई प्रत्येक गीत ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या. त्यांच्या शेजारी बसलेली नात त्यांच्याशी स्पॅनिशमध्ये बोलत होती. आजी गालिसियनमध्ये उत्तर देत होती. दोघींनाही त्यात काही वावगे वाटत नसावे. आम्हांला वाटले. आमच्या शाळेतील पालकसभेत हेच दृश्य आम्ही पाहतो. फक्त स्पॅनिशच्या जागी इंग्रजी असते.

आता त्या रेघेचा वाद. गालिसियन ही स्वतंत्र भाषा, की पोर्तुगीजचेच एक रूप? बाराव्या शतकात पोर्तुगाल वेगळे राज्य झाले, पण पुढे दोनशे वर्षे दोन्ही काठांचे कवी एकाच भाषेत लिहीत होते. आज एक पक्ष म्हणतो, आपण पोर्तुगीजांप्रमाणे लिहावे म्हणजे जगातील कोट्यवधी लोकांशी नाते जुळेल. दुसरा म्हणतो, मग आपले असे राहिले काय? १९८२ च्या अधिकृत लेखनपद्धतीने दुसऱ्या पक्षाची बाजू घेतली, तरी पहिला पक्ष गप्प बसलेला नाही. हे वाचताना ज्यांच्या ओठांवर हसू उमटेल ते आमचे गाववालेच असणार. १९७५ साली साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानले, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली व त्याच कायद्याने मराठीच्याही वापरास जागा दिली, १९९२ साली ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली, तरी दर वर्षी नववीच्या वर्गात कोणी ना कोणी हात वर करून विचारतोच, “तुम्ही घरी कोकणी बोलता, मग मराठी का शिकवता?” आम्ही उत्तर देतो की आजी भांडायची कोकणीत आणि पोथी वाचायची मराठीत, आणि दोन्ही वेळा ती आमची आजीच असायची. वर्ग हसतो. या उत्तराने प्रश्न सुटत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. परंतु कोकणी जगावी म्हणून मराठी मरावी लागते, किंवा उलट, असे म्हणणाऱ्यांच्या मागे आम्ही जाणार नाही, मग ते कोणत्याही काठावरचे असोत.

रविवारी सकाळी टेकडीवरील प्रधान चर्च पाहिले. १२२५ साली त्याचे पवित्रीकरण झाले. बुरुजांमुळे ते मंदिरापेक्षा गढीसारखे अधिक दिसते. त्याच्या बागेतून समोर नदीपलीकडे व्हालेन्साचा तारकाकृती किल्ला दिसतो. १५८० ते १६४० अशी साठ वर्षे पोर्तुगाल स्पेनच्या राजाखाली होता, आणि त्याच्याबरोबर गोवाही. त्या साठ वर्षांच्या अनुभवानंतरच पलीकडचे तट इतके जाड झाले. आज त्या तटांच्या आत पंचे, चादरी व टेबलावरची कापडे विकणारी दुकाने ओळीने आहेत, आणि गिऱ्हाईक मुख्यतः स्पॅनिश. जिंकून घेता आले नाही ते आता पंच्यापंच्याने विकत नेतात, असे आतेभाऊ म्हणाला.

त्याला घाई होती. त्या दिवशी, १८ मे रोजी, पोर्तुगालात संसदेची निवडणूक होती व सायंकाळी सातपर्यंत ब्रागाला पोचून त्याला मत द्यायचे होते. तीन वाजता तुई सोडले तेव्हा पलीकडे दोनच वाजले होते. त्या फुकटच्या तासात आईसाठी दोन पंचे घेतले. दुकानदारीण आमच्याशी स्पॅनिशमध्ये बोलली, आतेभावाने पोर्तुगीजमध्ये उत्तर दिले, आणि भाव महाग की स्वस्त हे आम्ही दोघांनी तिच्यादेखत कोकणीत ठरवले.

ब्रागातील मतदान एका शाळेत होते. आम्ही फाटकाबाहेर थांबलो; आत जाण्याचे आम्हांला कारण नव्हते. भिंतीवर मुलांनी रंगवलेली चित्रे होती, व्हरांड्यात रांगेने खुंट्या. आतेभाऊ दहा मिनिटांत बाहेर आला. “झालें,” एवढेच म्हणाला. मग त्याने आत्याला दूरध्वनी लावला. गोव्यात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, तरी ती जागी होती. मत दिल्याचे त्याने सांगितले. तिने कोणाला दिले ते विचारले नाही. जेवलात का, असे विचारले, आणि पंचे चांगले जाड आहेत ना, याची आमच्याकडून खात्री करून घेतली.