घर वाढलं, कागद तेवढाच

पुंडलिकनगरात प्लॉटचा भाव कळायला एजंटकडे जावं लागत नाही, दूध आणायला गेलं तरी कळतो. समृद्धी महामार्ग सुरू झाला तेव्हा भाव वाढला. जुलै २०२४ मध्ये टोयोटाने इथल्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला, तेव्हा परत वाढला. बिडकीन आमच्या गल्लीपासून चांगलं लांब आहे, पण भावाला अंतर कळत नाही. २० बाय ३० चा प्लॉट असलेला कुणीही छाती फुगवून सांगतो, "आता ६० लाखांच्या खाली विषयच नाही."

पण घर जळालं किंवा पडलं, तर परत बांधायला किती लागतील, असं विचारा. आमच्या घरात मी हे विचारलं तेव्हा आई म्हणाली, "शुभ बोल जरा. संध्याकाळची वेळ आहे."

विम्याला मात्र हाच अशुभ आकडा लागतो. ६० लाखांत मोठा वाटा जमिनीचा असतो, आणि जमीन जळत नाही, पडत नाही, वाहून जात नाही. स्वतंत्र घराचा विमा असतो तो भिंती, स्लॅब, फरशी, वायरिंग, नळ यांचा, म्हणजे उद्या तेच घर तिथेच उभं करायला लागणाऱ्या पैशाचा. त्यामुळे बाजारभाव दुप्पट झाला म्हणून विम्याची रक्कम दुप्पट करायची गरज नाही. बरेच जण इथेच गोंधळतात. काही जण ६० लाखांचा विमा काढून जास्तीचा हप्ता भरतात. उरलेले "एवढा हप्ता कशाला" म्हणून काढतच नाहीत.

आमच्या घराची पॉलिसी निघाली ती कर्जामुळे. हा सगळा पट्टा गुंठेवारीचा. आमची फाईल २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाली होती, म्हणून २०१४ मध्ये बँकेने पप्पांना १२ लाख दिले. त्याच दिवशी, सह्यांच्या ढिगात, १५ वर्षांची एक पॉलिसीही निघाली. विमा रक्कम १२ लाख. म्हणजे घर बांधायला किती लागतील, हे कुणी मोजलंच नव्हतं. कर्ज किती, तेवढाच विमा. बँकेच्या बाजूने बघितलं तर यात काही चूक नाही, तिला तिचे पैसे सुरक्षित हवे होते.

मग २०१९ मध्ये आम्ही वर एक मजला चढवला. पप्पांच्या भिशीतून, आईच्या दोन पाटल्या मोडून, थोडे माझ्या पहिल्या नोकरीतून. बँकेचा संबंध नव्हता, त्यामुळे पॉलिसीला कुणी काही कळवलं नाही. पुंडलिकनगरातली घरं अशीच वाढतात. आधी तळमजला, कॉलमच्या सळया वर तशाच उभ्या, पोरं कमवायला लागली की पुढचा स्लॅब. माझ्या कामात याला रोजचं उदाहरण आहे: कोड पुढे जातो, डॉक्युमेंटेशन मागेच राहतं. फरक इतकाच, की तिथे फार तर एखादा रविवार वाया जातो.

गेल्या वर्षी कर्ज फिटलं. मूळ कागद घरी आले तेव्हा त्यात ती पॉलिसी होती, आणि मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तिच्यात सरासरीचं कलम आहे, इंग्रजीत ॲव्हरेज. ते कलम असं चालतं. दोन्ही मजले मिळून आमचं बांधकाम साधारण ११०० चौरस फूट. गल्लीत काम करणाऱ्या ठेकेदाराने आजचा दर २००० रुपये सांगितला. म्हणजे घर परत उभं करायला २२ लाख, आणि विमा १२ लाखांचा. उद्या शॉर्टसर्किटने साडेपाच लाखांचं नुकसान झालं, तर आपल्याला वाटतं, रक्कम १२ लाखांच्या आत आहे, पूर्ण मिळेल. कलम म्हणतं, घराचा १२/२२ भागच विमा उतरवलाय, तर नुकसानीचाही तेवढाच भाग मिळेल. हातात येतील ३ लाख, तेही कंपनीने वरचा मजला मान्य केला तर. कागदावर तो नाहीच.

आणखी एक ओळ सापडली. भरपाई आधी बँकेला जाईल. कर्ज फिटलं, बँकेने नाहरकत दिली, पण पॉलिसीवरचं तिचं नाव आपोआप निघत नाही. ते अर्ज देऊन काढावं लागतं.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, घरांसाठी 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना द्यायला लावली. ती मला खरंच बरी वाटली. तिच्यात विमा रक्कम ठरते चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर, अशी. सरासरीचं ते कलम माफ आहे. दीर्घ मुदतीची घेतली तर घराची विमा रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, जास्तीत जास्त दुपटीपर्यंत, वेगळा हप्ता न भरता. घरातल्या सामानालाही इमारतीच्या रकमेच्या २० टक्के संरक्षण मिळतं, कमाल १० लाख. आग, भूकंप, पूर, वादळ सगळं आत आहे. आम्हाला सांगितलेला वर्षाचा हप्ता गाडीच्या विम्याच्या पावपटही नव्हता.

पण ते १० टक्के सिमेंट-सळईच्या महागाईला पुरतात, नव्या मजल्याला नाही. मजला चढवला, गच्चीवर खोली काढली, तर ते आपणच कळवायचं. आणि खाली दुकान काढलं तर तेही, कारण ही पॉलिसी राहत्या घराची आहे. आमच्या रस्त्यावर निम्म्या घरांच्या तळमजल्यावर शटर आहे. एप्रिल २०२४ मध्ये छावणीतल्या दाणा बाजारात पहाटे कपड्यांच्या दुकानाला आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले ७ जण गेले. त्या दुःखावर कुठल्याही विम्याचा उतारा नाही. पण खाली दुकान आणि वर झोपलेली माणसं, ही रचना आमच्याकडे घरोघर आहे, आणि त्या घरांच्या कागदावर, कागद असलाच तर, नुसतं 'निवासी' लिहिलेलं असतं.

पप्पांना पटवायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "अगं, घर पडलं तरी प्लॉट आहे ना. विकला तर ६० लाख येतात."

मी म्हणाले, "विकून राहायचं कुठे?"

ते गप्प बसले. मग त्यांनी किल्लारीचा विषय काढला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर मदत घेऊन गेलेल्यांत ते होते. तिथे जमीन सगळ्यांची शाबूत होती, म्हणाले. पुढे गावंच्या गावं दुसरीकडे वसवावी लागली, तीही सरकारने, जागतिक बँकेचं कर्ज काढून. स्वतःच्या पैशाने घर परत उभं करू शकेल असा माणूस त्यांना तिथे भेटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच टेप काढला आणि खोल्या आतून मोजल्या, कारण चटई क्षेत्र आतून मोजतात. ९२० चौरस फूट भरलं. जिन्याखालची मोरी धरायची का, यावर आम्ही दोघांनी अर्धा तास वाद घातला. नवा अर्ज गेलाय, दोन्ही मजल्यांचे फोटो जोडून. जुन्या पॉलिसीवरून बँकेचं नाव काढायचा अर्ज वेगळा दिलाय.

दिवाळीनंतर गच्चीवर एक खोली काढायचं त्यांच्या मनात आहे. सेंटरिंगवाला येऊन सळया बघून गेला. मी त्याच्याकडून अंदाजे खर्च लिहून घेतला आणि तो कागद पॉलिसीच्याच फाईलला लावला.